साबणबाईंची सुटी

साबणबाई कुणाच्याही घरात आल्या की बसण्याआधी हात धुवायला पाणी मागत. साबण त्यांचा स्वतःचा. लाल, दवाखान्याच्या वासाचा, पत्र्याच्या चपट्या डबीत ठेवलेला. कोपरापर्यंत हात धुवायचे, पदराला न पुसता हवेतच वाळवायचे आणि मगच विचारायचं, "हं, कोण आजारी आहे?" त्यांचं खरं नाव दवाखान्याच्या हजेरीपटावर असेल. नागपुरात महाल भागामागच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत त्या साबणबाईच होत्या. गल्लीत त्यांच्याइतके स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचे नव्हते, आणि तरीही त्यांच्या हातचं पाणी गल्ली पीत नव्हती. का, तर म्हणे नर्स कुणालाही हात लावते. ताप चढला की याच हातांची वाट बघायची, आणि ताप उतरला की तेच हात विटाळाचे. असल्या ढोंगाविरुद्ध मी पुष्कळ पत्रकं काढली आहेत. बाईंनी मात्र या विषयावर कधी तोंड उघडलं नाही.

एकदा शेजारच्या पार्वताबाईनं त्यांना सरळच विचारलं, "तुम्ही कोणाच्या वं बाई? म्हणजे कोणत्या लोकांतल्या?"

"सकाळपाळीच्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी थर्मामीटर झटकला.

माझी माय अंथरुणाला खिळली तेव्हा शेवटचे अकरा दिवस त्या पाळी सुटल्यावर रोज येत होत्या. मायची कूस बदलत, पाठ पुसत, खालची चादर ती झोपलेली असतानाच काढून दुसरी घालत. माय गेली, पण तिच्या अंगावर एक जखम पडू दिली नाही त्यांनी. माझी धाकटी बहीण विमल हे सगळं दाराला टेकून बघत असायची. ती मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाली आणि म्हणाली, मी नर्स होणार.

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. एक नागपुरातच, मोठ्या दवाखान्यात तीन वर्षांचं शिक्षण. राहणं-जेवण फुकट आणि वर दरमहा थोडं विद्यावेतन. दुसरी दिल्लीला. तिथं नर्सिंगची पदवी नव्यानं निघाली होती. चार वर्षं, आणि फी, खानावळ, रेल्वेचं भाडं सगळं आपल्या खिशातून. दिल्लीचा फॉर्म बाईंनीच आणून दिला होता. मला संताप आला. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. छापखान्यात खिळे जुळवायचो आणि उरलेल्या वेळात जगातल्या दिसेल त्या अन्यायावर पत्रक काढायचो. मी चौकशी केली. पदवीवाल्या नर्सला पगार किती? दवाखान्यात शिकलेलीपेक्षा जेमतेम जास्त. मग मी दोन रकाने मांडले, एकात खर्च आणि दुसऱ्यात मिळकत. खर्च भरून निघेपर्यंत अर्धी नोकरी संपत होती. ही गरिबांच्या पोरींची फसवणूक आहे, असं मी ठळक टायपात छापलं आणि पहिली प्रत घेऊन बाईंच्या वॉर्डात गेलो.

त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि मिनिटात वाचून काढला. "खाली छापखान्याचं नाव इतकं बारीक का रे, शंकर?" ते नाव आमच्या मालकाला चष्मा लावूनही वाचता येत नसे.

"ते सोडा. हिशेब कसा आहे?"

"हिशेब बरोबर आहे. थांब जरा, डॉक्टर आले."

डॉक्टर तरुण होता, नुकताच पास झालेला. एका म्हाताऱ्याच्या खाटेशी थांबून त्यानं कागदावर औषध लिहिलं आणि तो पुढे निघाला. बाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग त्याच्या मागे जाऊन म्हणाल्या, "साहेब, एवढं जरा वाचून देता? वय झालं, बारीक दिसत नाही." त्यानं कपाळाला आठ्या घालून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. औषधाचं नाव वाचलं, आणि मात्रेपाशी तो अडखळला. खिशातून पेन काढून त्यानं आकडा खोडला, दुसरा लिहिला आणि म्हणाला, "डोळे तपासून घ्या, सिस्टर."

"हो साहेब."

माझ्या अंगाची आग झाली. तो दाराबाहेर गेल्यावर मी म्हणालो, "तुम्हाला तर सगळं दिसतं."

"हळू बोल. तेवीस वर्षं झाली मला दिसत नाही." त्यांनी म्हाताऱ्याची उशी सारखी केली. "तेवढ्यानं काम होतं."

"आणि पदवीवालीनं सांगितलं तर ऐकणार आहेत हे लोक?"

"मला काय माहीत. कदाचित नाही ऐकणार. मी माणसं पाहिलीत म्हणून मात्रा चुकली एवढं मला कळतं. का चुकली, ते मला कुणी शिकवलं नाही. विमलला शिकवतील. हे तुझ्या कागदावर कोणत्या रकान्यात घालायचं ते तू बघ."

मी पुष्कळ विचार केला. मला रकाना सापडला नाही. पत्रकाच्या बाकीच्या प्रती मी रद्दीत घातल्या.

पण बाबांचं काय? त्यांनी कुठलंच पत्रक वाचलेलं नव्हतं. बाई घरी आल्या, हात धुतले, आणि मागाशेजारी उभ्या राहिल्या. बाबांनी माग थांबवला नाही.

"फीची सोय होईन," बाबा म्हणाले. "पोरीच्या मायच्या पाटल्या हायेत, मोडीन. त्याचं काही नाही. पण मले सांगा बाई, कांड्या कोण भरीन?"

कांडी म्हणजे मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. ती संपली की माग थांबतो. माय गेल्यापासून चरख्यावर बसून बाबांच्या कांड्या विमलच भरत होती. मजुरीनं भरून घ्याव्यात तर लुगड्यात काही उरत नाही. घरातला एक हात चार वर्षं जाणार, हा खर्च मी मांडलाच नव्हता. विणकरांच्या हक्कांवर भाषणं देणारा मी, विणकराच्या पोटचा, आणि मला कांडीची आठवण झाली नव्हती.

"मी भरीन," बाई म्हणाल्या.

बाबांनी माग थांबवला. "तुम्ही?"

"दुपारी पाळी सुटते. मंगळवारी सुटी असते. शिकवा मला."

"चार वर्षं?"

"कोर्स चार वर्षांचाच आहे."

मला वाटलं होतं की दोन महिन्यांत हे नाटक संपेल. विमल दिल्लीला गेली आणि बाई चरख्यावर बसू लागल्या. पहिले पंधरा दिवस सूत नुसतं तुटत होतं. बाबा ओरडायचे, "बाई, हे सूत हाये, बँडेज नाही." बाई कांडी उलगडायच्या आणि पुन्हा भरायच्या. आठ तास आजाऱ्यांची घाण उचलून आलेली पन्नाशीची बाई आमच्या ओसरीवर पाय दुमडून संध्याकाळपर्यंत चरखा फिरवायची. मंगळवार तर पूर्ण दिवस. दवाखान्याचे हात सुताला लागतात, व्यापाऱ्याला कळलं तर लुगडं परत येईल, अशी कुजबुज गल्लीत सुरू झाली. बाबांनी ती ऐकली आणि आणखी जोरात माग हाकला.

पार्वताबाई एकदा म्हणाली, "काहून वं बाई, सुटीच्या दिवशी तुले स्वतःचं घर नाही काय?"

"आहे ना. पण तिथं चरखा नाही."

मोठमोठ्या पुढाऱ्यांना मी जवळून पाहिलं आहे. दोन दिवस उपास केला की त्यांचे फोटो निघतात. ही बाई तीन वर्षांहून जास्त एका परक्या पोरीच्या जागी बसली, आणि आम्ही तिला चहासुद्धा तिच्या वेगळ्या कपात देत होतो. हो, आम्हीच. मी मोठा सुधारक, पण तो कप बदलायला मला वर्ष लागलं. बाबांनी कधी आभार मानले नाहीत. बाईंच्या कांड्या घट्ट आणि सारख्या येऊ लागल्या, तरी चांगल्या झाल्या असं ते एकदाही म्हणाले नाहीत. बाईंनाही त्याची वाट असावी असं दिसलं नाही.

मग नागपूरची राजधानी गेली. नवी राज्यं झाली, सरकारी नोकरांच्या वाटण्या झाल्या आणि बाईंचं नाव जबलपूरच्या यादीत निघालं. विमलचे अजून सात-आठ महिने बाकी होते. मी तावातावानं म्हणालो, "मी पत्रक काढतो. माणसं काय सतरंज्या आहेत, इकडच्या तिकडे टाकायला?"

"काढ," बाई म्हणाल्या. "पण आधी इथं बस."

तो त्यांचा शेवटचा मंगळवार. त्यांनी मला चरख्यापुढे बसवलं. कांड्या भरणं म्हणजे बायकांचं आणि पोरांचं काम. भर दिवसा ओसरीवर मला तिथं बसलेलं पाहून पार्वताबाई तोंडाला पदर लावून हसली. बाईंनी माझी दोन बोटं धरून सुतावर ठेवली. "ओढायचं नाही. ते आपणहून येतं, आपण फक्त सोबत असायचं. हां, तुटलं. पुन्हा." दिवसभर त्या 'पुन्हा' एवढंच म्हणत होत्या. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांची ट्रंक स्टेशनवर नेली. बाबा आले नाहीत. माग लावलेला होता.

जबलपूरच्या बदलीवरचं पत्रक राहूनच गेलं. आठ महिने मी छापखान्यातून आलो की चरख्यावर बसत होतो.

उन्हाळ्यात विमलचं पत्र आलं. पास झाली होती, नोकरीही लागली होती, आणि पगार लिहिला होता. माझ्या पत्रकातला आकडा तंतोतंत खरा निघाला. मी बाबांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पास झाल्याची ओळ दोनदा वाचायला लावली, पगाराची एकदा. मग धोट्यातून माझी कांडी काढून उजेडात धरली.

"हे पाह्य, मधात पोट आलं हिले," ते म्हणाले. "बाईच्या कांड्या लई बऱ्या होत्या गा."

त्या संध्याकाळी मी जबलपूरला कार्ड टाकलं. वर निकाल लिहिला, खाली पगार लिहिला, आणि उरलेल्या जागेत बाबांचं वाक्य जसंच्या तसं.