फ्लेक्सवरची आमची लेकरं

समोरच्या मावशीने मला पहिल्यांदा विचारलं ते आमच्या फाटकाबाहेर उभं राहून. आत या म्हटलं तरी ती आली नाही.

"रोज सकाळी तुह्या घरी पोट्टे कायले जमा होऊन राहिले?"

"खेळायला येतात, मावशी."

"खेळाले त्यायचं आंगण नाही का?"

"नाही ना. एकेक खोली आहे फक्त."

"मग तुले काऊन पडली त्यायची?"

मी काहीतरी सांगितलं. तिला ते पटलं नाही, हे तिच्या भुवयांवरून कळत होतं. ती परत गेली, आपल्या छपरीत खाट टाकून बसली आणि तिथून माझ्या दाराकडे बघत राहिली. त्या दिवसापासून कितीतरी महिने तिची नजर आमच्या घरावरून हटली नाही.

आम्ही राहतो तो भाग गोंदियाहून नागऱ्याकडे जाताना लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हा इथे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होत्या. मग प्लॉट पडले. आधी दोन-चार घरं झाली, मग भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, कारण जवळच राईस मिल होत्या आणि मिलमध्ये काम करायला बालाघाटकडून, छत्तीसगडातून, दवनीवाड्याच्या बाजूच्या गावांतून तरुण जोडपी येत होती. जोडप्यांपाठोपाठ लेकरं आली. बघता बघता आमची गल्ली लेकरांनी भरून गेली. ज्याच्या-त्याच्या दारात एक रांगतं आणि एक नाक पुसत उभं.

अंगणवाडी होती, पण ती जुन्या गावात, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्याने दिवसभर धानाचे ट्रक धावतात. तिथल्या सेविकेला मी एकदा भेटले, तर ती म्हणाली, "माह्या खोलीत आता गावचीच लेकरं मावत नाहीत. तुमच्या प्लॉटांवरची मी बसवू कुठं? आणि आणंल कोण?" तिचं खरं होतं.

मी डी.एड. केलेली. भरतीची वाट बघत घरी बसलेली. माझी मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिला घेऊन दुकानात जाताना एका खोलीच्या खिडकीत मला दोन चेहरे दिसायचे. खोलीला बाहेरून कुलूप. आईबाप दोघंही मिलमध्ये. मोठी असेल आठेक वर्षांची आणि धाकटी माझ्या मुलीएवढी. मोठीला शाळेत घातलंच नव्हतं, कारण ती शाळेत गेली तर धाकटीला कोण सांभाळणार?

एका संध्याकाळी मी त्यांच्या आईला गाठलं. ती छत्तीसगडी बोलायची, मी हिंदीत. सकाळी दोघींना माझ्याकडे सोडत जा, म्हटलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काबर?" तिने विचारलं. का म्हणून?

हे 'का' मला पुढे फार जणांनी विचारलं. तिने घरी नवऱ्याशी बोलून घेतलं, मग एका सुट्टीच्या दिवशी दोघं येऊन माझं घर बघून गेले. मागचं दारसुद्धा बघितलं. त्यानंतर मुली आल्या. त्यांच्या मागे बाकीची आली.

करायचो काय, तर फार काही नाही. लाखोळी, जवस, तूर, पोपटाच्या (आमच्याकडे वालाला पोपट म्हणतात) बिया एका परातीत मिसळायच्या आणि मुलांनी त्या वेगळ्या करायच्या. ओट्यावर खडूने रेघ मारायची आणि रेघेवरून चालायचं. गोष्ट सांगायची, मग तीच गोष्ट एखाद्या मुलाने आपल्या बोलीत सांगायची. धाकटी बहीण सुरुवातीला बोलायचीच नाही. कुणी जवळ आलं की मोठीच्या पाठीमागे जायची. एक दिवस तिने मूठभर जवस माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "ये चिकना हे." तिचा आवाज मी त्या दिवशी प्रथम ऐकला.

पण बाहेर वेगळंच चाललं होतं. लोकांच्या फोनवर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे व्हिडिओ फिरत होते, आणि गल्लीत कुणीतरी म्हणालं की फुकट मुलं जमवणारीवर नजर ठेवा. किराणा दुकानात मी गेले की बोलणं थांबायचं. सासूबाईंनाही घोर लागला. "उद्या कोणाचं लेकरू पडलं, हात मोडला, तर लोक आपल्या दारात येतीन," त्या म्हणायच्या. "सरकारनं तुले नोकरी देल्ली का? नाही ना? मग?" नवरा माझ्या बाजूचा होता, पण तोही एकदा जेवताना म्हणाला, "तू कोणाच्या सांगण्यावरून तर करत नाहीस ना?" मला हसू आलं आणि रागही आला. माझ्याच घरात मला जाब द्यावा लागत होता.

त्याच सुमारास आमगावची माझी डी.एड.ची मैत्रीण आली. स्कुटीवर, पायाजवळ मोठी पिशवी. पिशवीत रंगीत लाकडी ठोकळे होते. मुलं त्यावर तुटून पडली. मला फार आनंद झाला. ती मुलांसोबत जमिनीवर बसली, गाणी म्हणाली. मग चहा पिताना विचारू लागली. इकडे घरं किती झाली असतील? सहा वर्षांच्या आतली मुलं किती? मिलवाल्यांची किती, दुकानदारांची, नोकरीवाल्यांची किती? ते लोक मुलांना कुठे पाठवतात?

"तुला कशाला हवंय हे?" मी विचारलं.

"असंच गं. इतकी मुलं वाढून राहिली इकडे, कुणी लक्ष देत नाही. वाईट वाटतं."

ती हे अगदी मनापासून म्हणाली. तरी माझ्या मनात काहीतरी खुपलं. वाईट वाटणारं माणूस नोकरीवाल्यांची मुलं वेगळी काढून का विचारेल? तिने फोन काढला तेव्हा मी म्हटलं, "फोटो नको काढूस. लोक आधीच संशयाने बघतात." तिने फोन पर्समध्ये ठेवला. एक मूल रडायला लागलं म्हणून मी त्याचे पाय धुवायला मागे गेले. परत आले तेव्हा ती निघायच्या तयारीत होती.

ती गेल्यावर मावशी रस्ता ओलांडून आली. या वेळीही फाटकाच्या बाहेरच.

"ते बाई कोण होती?"

"मैत्रीण आहे माझी."

"तू मांगं गेली, तवा ते फोटो काढून राहिली होती. एकेका लेकराचा. मी पाहून राहिली ना इथून."

मी लगेच मैत्रिणीला फोन केला. ती हसली. "अगं, आठवण म्हणून काढले. तू पण ना, गल्लीतल्या बायकांसारखी झालीस." मी फोटो काढून टाक म्हटलं, तिने हो म्हटलं. त्या रात्री मला झोप लागली, पण सकाळी उठल्यावर पहिला विचार तोच आला.

उन्हाळा संपत आला होता. नवरा दुपारी घरी आला तो गाडी न लावताच आत आला आणि म्हणाला, "मोडीवर चल. तुला काहीतरी दाखवायचंय."

मोडीवर, जिथे आमची गल्ली नागऱ्याच्या रस्त्याला लागते, तिथे बरेच महिने बांधकाम चाललेली दुमजली इमारत आता रंगवून उभी होती. गुलाबी आणि पिवळी. तिच्यासमोर दोन बांबूंना बांधलेला मोठा फ्लेक्स. इंग्रजी माध्यम, नर्सरी, प्रवेश सुरू. आणि त्यावर आमची लेकरं. माझी मुलगी ठोकळा डोक्यावर ठेवून हसत होती. तिच्या बाजूला त्या दोघी बहिणी, धाकटी मोठीच्या खांद्याला चिकटलेली. मागे माझ्या घराची निळी भिंतही दिसत होती.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी गल्लीत पोचली होती. दोघींचा बाप मिलच्या कपड्यांतच आला, अंगावर कोंड्याची पूड. त्याने आवाज चढवला नाही, त्याचंच मला जास्त भय वाटलं.

"हमर नोनी मन के फोटू काबर टाँगे हव?" आमच्या पोरींचा फोटो का टांगलात?

"मैंने नहीं टाँगा, भैया. मेरी बेटी का भी है."

 तो दोघींना हाताला धरून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी त्या खोलीला पुन्हा कुलूप होतं. माझ्या ओट्यावर माझी मुलगी एकटी बसून ठोकळे रचत होती. बाकी कुणीच आलं नाही. मी सगळ्यांच्या दारावरून एक चक्कर मारली. दारं उघडी होती, पण कुणी बसायला सांगितलं नाही.

परत आले तर मावशी फाटकाच्या आत उभी होती.

"मी सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं होतं."

"तुले काय भेटलं त्यात?"

"काही नाही, मावशी. मी तिला फोटो काढू नको म्हणाले होते."

ती माझ्या मुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुह्या पोरीचा बी हाये. सोताची पोरगी कोणी असं टांगत नाही. मंजे तुले बी फसवलं." आणि पदर खोचून म्हणाली, "चाल."

ती इमारत मावशीच्याच विकलेल्या बांधीवर उभी होती, हे मला वाटेत कळलं. रस्त्यात तिने आणखी दोघी-तिघींना हाक मारली. त्या बहिणींची आई मिलच्या जेवणाच्या सुट्टीत घरी येत होती, तीही डबा हातात घेऊन आली.

आत नव्या रंगाचा वास येत होता. टेबलापलीकडे एक गृहस्थ बसले होते आणि बाजूच्या खुर्चीत माझी मैत्रीण. मला बघून ती उभी राहिली. "मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच बोलले मी सरांशी. तुला इथे टीचर म्हणून घ्यायचं आहे."

खरं सांगायचं तर क्षणभर माझं मन हललं. इतकी वर्षं मी ज्या शब्दाची वाट बघत होते तो शब्द ती बोलली होती. पण ती तो आत्ताच का बोलत होती, हेही मला दिसत होतं.

"फोटो काढून घ्या," मी म्हटलं.

गृहस्थ हसले. "मॅडम, मुलं किती छान दिसतात! तुमच्याच मुलांची पब्लिसिटी होते आहे."

"कोणाले इचारलं?" मावशी म्हणाली.

"अहो आजी, यात विचारायचं काय..."

"लेकरू कोणाचं? तुमचं हाये का?"

मी त्या बहिणींच्या आईला पुढे केलं. "यांच्या मुलींना तुम्ही इथे प्रवेश देणार का?"

गृहस्थांनी तिच्या डब्याकडे, पायांतल्या चपलांकडे पाहिलं. "तसं नाही, आमचा एक स्टँडर्ड असतो. घरचं वातावरण बघावं लागतं."

"मग फोटो त्यायचा कायले?" मावशीचा आवाज खोलीभर झाला. "यायची लेकरं दाखवून कोणाची लेकरं बलावून राहिले तुमी?"

 मैत्रीण खाली बघत होती. तेवढ्यात बाहेर बघे जमले, मिलमधले काही जण सायकली लावून उभे राहिले. मग गृहस्थांनी बाहेरच्या माणसाला फ्लेक्स उतरवायला सांगितलं. उद्या उतरवतो, तो म्हणाला. मावशी बांबूखाली जाऊन बसली आणि दोऱ्या कापल्या जाईपर्यंत उठली नाही. तिने फ्लेक्स गुंडाळून स्वतःच्या काखेत मारला. तिथे ठेवला असता तर पुन्हा बांधला असता, असं तिचं म्हणणं. मलाही तसंच वाटत होतं.

मैत्रिणीचा नंतर फोन आला. मी उचलला नाही. आजही तिने ते ठोकळे मुलांवरच्या मायेने आणले होते की फोटोसाठी, हे मला ठरवता येत नाही. कदाचित दोन्ही असेल.

लेकरं लगेच परतली नाहीत. पहिल्यांदा आला तो मावशीचा नातू, चार वर्षांचा. त्याला घेऊन ती स्वतः आली आणि उंबऱ्यात बसली.

"मी इथंच बसून राहीन," ती म्हणाली. "तुह्यावर भरवसा हाये म्हणून नाही. आपल्या डोळ्यानं पाहाले."

"बसा," मी म्हटलं. तिला उंबऱ्यात बसलेली पाहून बाकीच्या आयांचा धीर झाला. मावशी इतकी चौकस बाई, ती बसली आहे म्हणजे बघायला कुणीतरी आहे. शेवटी त्या दोघी बहिणीही आल्या. मोठीला मात्र मी ठेवून घेतलं नाही. तिच्या बापासोबत जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन तिचं नाव घातलं. ती वर्गात सगळ्यांत उंच होती आणि पहिले काही दिवस लाजून मागच्या भिंतीशी बसायची.

आम्ही बायकांनी मिळून ग्रामपंचायतीत अंगणवाडीसाठी अर्ज दिला. पाहणीला दोघी बाया आल्या, तर मावशीने त्यांना दारातच अडवलं. तुम्ही कोण, कुठून आल्या, फोटो काढणार का? त्यांनी ओळखपत्रं दाखवली तरी तिने ती माझ्याकडून वाचून घेतली. अंगणवाडी यायला वेळ लागला, पण ती आली. समाजमंदिरातली एक खोली मिळाली. सेविका म्हणून दुसरीच निवडली गेली, मी नाही. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. का निवडलं नाही याबद्दल माझ्या काही शंका आहेत, त्या मी इथे लिहीत नाही. पण ती पोरगी चांगली आहे. तिची खोलीही आता भरली आहे, म्हणून सगळ्यांत लहान मुलं अजून माझ्याच ओट्यावर बसतात.

मागच्या महिन्यात मिल एक दिवस बंद होती. त्या बहिणींची आई अंगणवाडीत येऊन कोपऱ्यात बसली. मीही होते. धाकटी बिया मांडत होती, मांडता मांडता बाजूच्या मुलाला मराठीत दटावत होती. आई बराच वेळ बघत होती.

"बस खेलत हे?" तिने मला विचारलं. नुसतं खेळतेच ना ही?

"हाँ, खेलती है," मी म्हटलं.

तिचा चेहरा काही फार पटल्यासारखा नव्हता. पण मुलं घरी जाईपर्यंत ती उठली नाही. मग धाकटीने तिचं बोट धरलं आणि आज कोणी कोणाला ढकललं, कोण रडलं, खिचडीत वाटाणा होता की नव्हता, हे सगळं सांगत दोघी खोलीकडे निघाल्या.