घडीची खुर्ची

चाळिशी उलटल्यावर माझ्या नवऱ्याने आम्ही राहतो त्या ब्रॉसार्ड गावच्या रविवारच्या फुटबॉल टीममध्ये गोलकीपर व्हायचं ठरवलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. तरी चिवड्याचा डबा घेऊन दर मॅचला मैदानाच्या कडेला बसायचे. ह्या बाजूला आमची माणसं, समोरच्या बाजूला दुसऱ्या टीमची.

माझ्या शेजारी एक फ्रेंच आजी घडीची खुर्ची उघडून बसायच्या. लाल लोकरी टोपी, थर्मासमध्ये कॉफी. त्यांचं कुणीच खेळत नव्हतं. नवऱ्याने गोल खाल्ला की त्या माझ्या हातावर थोपटायच्या आणि चिवड्यातले काजू तेवढे वेचून खायच्या. मला वाटलं, परक्या देशात मैत्रीण मिळाली.

एका रविवारी मात्र अघटित घडलं. हाफटाइमला आम्ही चक्क एका गोलने पुढे! मी आनंदाने वळले, तर आजी खुर्ची मिटत होत्या.

"मादाम, निघालात?"

"पलीकडे," समोरच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवून त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "जिंकणाऱ्यांना माझी काय गरज?"

म्हणजे अख्खा सीझन ह्या बाई माझ्यासाठी नव्हे, आमच्या हरण्यासाठी बसत होत्या! मला असा राग आला. पलीकडे त्या दुसऱ्याच कुणाच्या हातावर थोपटायला लागल्या, तेव्हा तर जास्तच. मी त्यांच्या खुर्चीच्या जागेवर माझी पिशवी ठेवून दिली.

शेवटच्या दहा मिनिटांत नवऱ्याने लागोपाठ दोन गोल खाल्ले. आमच्या बाजूला सगळे हळहळले. मी मात्र शेजारच्या गवतावरची माझी पिशवी उचलली, आणि काजू वर येईपर्यंत डबा हलवत बसले.