बांगड्यांची पिशवी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो आर्वीच्या आमच्या ताईंचा. घरातला पहिला पदवीधर मी, पण बी.ए. होऊन रिकामाच होतो. ताई एड्स प्रकल्पात काम करत; त्यांनी तिथल्या साहेबांकडे शब्द टाकून मला प्रकल्पाच्या ऑफिसात कारकून म्हणून लावलं.

ताई खेड्यांतल्या रुग्णांना भेटायला जात, ते बांगड्यांची पिशवी घेऊन. आधी दोन शेजारणींना बांगड्या भरत, मग रुग्णाच्या घरात शिरत. "बांगड्यावालीले कोनी पुसत नाई, काऊन आली म्हून," असं हसत सांगत.

पुढे परदेशी संस्थेने मदत थांबवली आणि प्रकल्प बंद झाला. आता औषधासाठी वर्ध्याला जा, एवढं रुग्णांना कळवायचं होतं. ताई तापाने पडून होत्या. मी सगळ्यांना पोस्टकार्डं टाकली, प्रत्येकावर प्रकल्पाचा शिक्का अगदी ठळक मारून. एका गावात सुनेच्या नावाचं कार्ड सासऱ्याने वाचलं. दुसऱ्या दिवशी तिला घराबाहेर काढलं.

ताई रागावल्या नाहीत. "मले सांगतलं असतं त मी तापातही गेली असती, भाऊ," एवढंच म्हणाल्या. पगार थांबला होता, तरी पिशवी घेऊन तिच्या माहेरी गेल्या. ती तिथे पोचलीच नव्हती.

वर्षभराने मी त्यांना पत्र पाठवलं, बंद पाकिटातून.

"ताई, तुम्ही मला काम दिलंत आणि मी तुमचं काम मोडलं. तिचा पत्ता लागला तर कळवा. मी येतो. पिशवी मी धरीन."