वाघाला गेलो, रानकुत्रे भेटले

वाघ दिसला की सांगायला फार काही उरत नाही. दिसला, फोटो काढला, झालं! किस्से जमतात ते वाघ न दिसलेल्या दिवसांचे. आमच्याकडे ते ढीगभर आहेत, कारण आमच्या नशिबी वाघापेक्षा रानकुत्रेच जास्त.

आम्ही म्हणजे लकडगंजात सागवानाचं दुकान असलेले विलासभाऊ, शाळेतून रिटायर झालेल्या सुनंदाताई, मिहानमधल्या आयटी कंपनीत कॉम्प्युटरसमोर डोळे फोडणारा प्रकाश आणि मी. सुट्टी जुळली की प्रकाशच्या गाडीतून पेंचचं जंगल गाठायचं आणि गेटवर जिप्सी घ्यायची.

*

पहिल्यांदा दिसले तेव्हा रस्त्यातच लोळत पडले होते. तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी.

गाइड कुजबुजला, "रानकुत्रे! लकी आहात."

विलासभाऊ भडकले. "कुत्रेच पाहाचे असते तर घरीच नसतो बसलो का? आमच्या गल्लीतले तर रोज मागं लागतात!"

तेवढ्यात सगळे उठले. काही सरळ गवतात घुसले, दोघं रस्त्यानं पुढे जाऊन वळणावर दबा धरून बसले. क्षणभरानं गवतातून एक चितळ उधळलं, ते थेट त्या दोघांच्या पुढ्यातच!

विलासभाऊंचा आ वासलेला. "याहिनं मीटिंग कधी घेतली गा?"

"भाऊ," प्रकाश म्हणाला, "आम्ही नुसत्या मीटिंगाच घेऊन राहिलो!"

*

एकदा तळ्याच्या काठावर त्यांनी सांबर पाडलं. वाघ आधी नरडं धरतो. हे तसे थांबत नाहीत, जिवंतपणीच खायला लागतात. सुनंदाताईंनी पाठ फिरवली. "गाडी काढा. मले नाही पाहवत." पण मागे जिप्स्यांची रांग, निघायला जागाच नाही.

मग झाडीतून पिल्लं आली. आणि तोंडं लाल झालेले ते मोठे कुत्रे बाजूला सरकले! पिल्लांची पोटं टम्म होईपर्यंत एकानंही तोंड घातलं नाही.

सुनंदाताई कधी वळून पाहायला लागल्या, कळलंच नाही.

"आमच्या घरी उलटं होतं," त्या म्हणाल्या. "आधी बाप्ये, मग पोरं, उरलं तर बाया. अन् आम्ही माणसं!"

*

एकदा बिबट्या दिसला. चांगला दांडगा, पण झाडाच्या शेंड्याला चिकटलेला. खाली रानकुत्र्यांचा गराडा.

"वर एकटा मोठा साहेब, अन् खाली युनियन!" विलासभाऊ म्हणाले. आम्ही हसलो.

प्रकाश हसला नाही. त्याच्या टीममधल्या दोघांना नुकतंच कामावरून काढलं होतं. "आमच्याकडं तेव्हा सगळे खाली मान घालून टाइप करत होते," तो म्हणाला. "मीही."

*

आणि ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. धुकं इतकं की जिप्सीच्या पुढचं दहा पावलांपलीकडे दिसेना. रस्त्यात एकच रानकुत्रा उभा होता. पहाटे वाघानं कळप उधळून लावला असेल, असं गाइडचं म्हणणं.

कुत्र्यानं मान वर केली आणि चक्क शीळ घातली!

"हे अशीच हाक देतात," गाइड म्हणाला. "पांगले की शीळ घालून एकमेकांना शोधतात."

कुत्रा कान टवकारून उभा राहिला. उत्तर नाही. पुन्हा शीळ. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. पुन्हा शीळ, पुन्हा शांतता.

"येईल ना हो उत्तर?" सुनंदाताईंनी विचारलं.

मग नाल्याच्या पलीकडून, फार लांबून, बारीकशी शीळ आली. कुत्रा धुक्यात असा सुटला की दिसेनासाच झाला.

जंगलात मोबाइल नेता येत नाहीत, म्हणून ते प्रकाशच्या गाडीत ठेवले होते. गेटवर पोचताच विलासभाऊंनी आपला घेतला आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्यांचा धाकटा भाऊ सुरेश अमरावतीला असतो. दुकानाच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं, त्यानंतर कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. आम्हाला माहीत होतं, पण तो विषय कुणी काढत नसे.

रिंग बराच वेळ वाजत राहिली असावी.

"सुरेश... मी विलास." मग तिकडचं ऐकून, "नाही गा, काही झालं नाही. सगळे बरे आहेत. असाच लावला."

पलीकडून काय आलं, ते आम्हाला ऐकू आलं नाही. विलासभाऊ जंगलाकडे तोंड करून उभे होते.

"काहून म्हंजे?" ते म्हणाले. "तू बोल ना. मी ऐकून राहिलो."