दस्तगीरच्या गालातला मावा

उचगावचा दस्तगीर गाड्यांची सीटकव्हरं शिवायचा. हाताला सफाई अशी, की टाका शोधून सापडायचा नाही. पण माणूस मुखदुर्बळ. गिऱ्हाईक काही विचारो, बायको बेगम काही विचारो, हा गालात तंबाखू-सुपारीचा मावा सारायचा आणि नुसती मान हलवायचा. मान हो म्हणते की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

पन्नाशी जवळ आली तसं त्याला तिखट झोंबायला लागलं. तोंड दोन बोटांपलीकडं उघडेना. गालात पांढरा चट्टा निघाला. डॉक्टरांनी मावा बंद करायला सांगितलं आणि दवाखान्यातच आठवड्याला भरणाऱ्या ध्यानाच्या वर्गात धाडलं. तिथं सोनल मॅडम शिकवायच्या.

"तलफ आली की लगेच खिशात हात घालू नका," त्या म्हणाल्या. "ती कुठं उठते, किती वेळ टिकते, तेवढं बघा."

"बघून काय हुतंय, मॅडम? तलफ ती तलफच की!"

दोन आठवडे त्यानं जांभया देण्यात घालवले. डोळे मिटले की समोर पुडीच दिसायची. तिसऱ्या आठवड्यात दुकानात एक गिऱ्हाईक घाई करत आलं. "उद्या सकाळी गाडी पायजे." दस्तगीरचा हात आपसूक खिशाकडं गेला, आणि तो जाताना त्यानं पहिल्यांदाच बघितला. उद्या काम होणार नव्हतं, पण नाही म्हणायला जीभ रेटत नव्हती. छाती गच्च झाली, कानशिलं तापली. खिशात हात न घालता तो ते बघत राहिला. हळूहळू सगळं निवलं.

"उद्या न्हाय जमायचं, पावणं. शनिवारी देतो."

"बरं," म्हणून गिऱ्हाईक गेलं.

तेव्हापासून त्याच्या ध्यानात यायला लागलं, की आपल्याला तलफ येते ती उत्तर द्यायची वेळ आली की.

सगळ्यात अवघड प्रश्न घरात होता. लेक रुबीनाला नर्सिंगसाठी मिरजेला राहायचं होतं. वर्षभर ती विचारत होती आणि बाप मान हलवत होता.

"अब्बा, सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख हाय," जेवण झाल्यावर ती म्हणाली.

खिशाकडं निघालेला हात दस्तगीरनं मांडीवर दाबून धरला.

"तू गेलीस की घर सुनं हुईल. त्याचं भ्या वाटतंय मला. म्हणून बोलत न्हवतो."

बेगम उष्टं ताट हातात धरून तशीच उभी राहिली. संसारात एवढी वर्षं गेली, पण नवऱ्याच्या तोंडून असलं काही तिनं ऐकलं नव्हतं.

"मग जाऊ नको?" रुबीनानं विचारलं.

"जा की! भ्या माझं हाय. तुझं न्हवं."

रुबीनाला एस्टीत बसवलं त्या दिवशी मात्र दस्तगीरनं स्टँडवरनं सरळ पानटपरी गाठली. पुढच्या वर्गात खालमानेनं त्यानं ते कबूल केलं.

"खाताना काय दिसलं?" मॅडमनी विचारलं.

"गाल जळत हुता. एवढी वर्सं खाल्ला, पण चव कदी बघितलीच न्हवती."

त्यानंतर दोनदा पाय घसरला, तिसऱ्यांदा नाही. सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, चट्टा वाढलेला नाही, पण तपासायला येत राहा. तोंड अजून पुरतं उघडत नाही. जेवढं उघडतं तेवढ्यात तो आता आमटीला मीठ कमी आहे हेही सांगतो, आणि बेगम म्हणते, "मुकं हुतं तेच बरं हुतं."