एकी झाली का?

दवाखान्यातून मी नुकताच शाळेत आलो होतो. घंटा व्हायची होती, तेवढ्यात संजूचा, माझ्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, बाबा गेले..." एवढंच बोलला. आणि माझ्या तोंडून निघालं, "एकी झाली होती का?" संजू म्हणाला, "नाई रे दादा. शेवटपर्यंत नाई झाली."

हा प्रश्न मुळात काकांचा. बायामाणसांत लघवी म्हणायला ते लाजत, म्हणून शाळेतल्या पोरांचा शब्द त्यांनी उचलला होता. कोणी आजारी पडलं की ताप, खाणंपिणं नंतर, आधी, "एकी झाली काय?" बाळंतिणीला तेच, आजारी व्याह्यांनाही तेच. एकदा बांधाच्या भांडणात कोणीतरी टोमणा मारला, "भाऊ, भावकीत कवा होईन एकी?" काका म्हणाले, "भावकीचं राहू दे बे, तुही झाली का ते सांग." सगळे हसले. काका हसले नाहीत.

माझे वडील तापानं पडले तेव्हा मी लहान होतो. घाम फुटावा म्हणून घरच्यांनी त्यांच्यावर गोधड्या टाकल्या. घाम फुटला, ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. मग पाय सुजले, ते बरळू लागले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "लघवी कधी झाली?" घरातल्या एकालाही सांगता येईना. किडन्या बंद पडल्या होत्या. डायलिसिसचं यंत्र तेव्हा दूरच्या मोठ्या शहरातच. तिकडे नेताना जीपमध्येच वडील गेले. त्यांचं डोकं काकांच्या मांडीवर होतं. त्यानंतर काकांनी धाड गावच्या बाजारात भाजी विकून मला शिकवलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, तो त्यांच्यामुळे. नोकरी लागली तेव्हापासून ते मला मास्तरच म्हणत.

या वेळी न्यूमोनिया झाला, विष रक्तात उतरलं आणि काकांच्याही किडन्या थांबल्या. आता यंत्र बुलढाण्यातच आहे, त्यांच्या खाटेशेजारीच सुरू होतं. मला वाटलं, आता भीती नाही. तरुण डॉक्टर म्हणाले, "सर, यंत्र किडनीचं काम करतं. पण बाकीचं शरीर साथ देत नाहीये. किडनी जागी होते का, वाट पाहू." मी खाटेला लटकवलेल्या पिशवीकडे पाहत बसलो. नळी कोरडी होती. नळीला पीळ तर नाही ना, म्हणून वाकून वाकून पाहत होतो. नर्स म्हणाली, "सर, नळी बरोबर आहे हो."

मग काकांनी डोळे उघडले. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी करंगळी वर केली, पोरं वर्गात करतात तशी. मी म्हणालो, "काका, नळी लावली हाये, तुमाले उठाचं काम नाही." त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा करंगळी, आणि भुवया वर. तेव्हा कळलं. ते विचारत होते.

हो म्हणावंसं वाटलं... पण म्हणालो, "नाई काका. कालपासून थेंब नाई. मी पाहून राह्यलो." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, करंगळी खाली घेतली आणि डोळे मिटले. वडिलांच्या वेळी जे कोणालाच सांगता आलं नव्हतं, ते या वेळी सांगणारं कोणी होतं. तेवढंच.

आता वर्गात एखाद्या पोरानं करंगळी वर केली की माझा खडू थांबतो. "जा," म्हणतो. आणि ते परत येईपर्यंत दाराकडे पाहत राहतो.