दंडाचं कलम तहकूब

“सिस्टर, तुम्ही सांगा. कायदा आत्ता की नंतर?” अध्यक्षांनी विचारलं आणि सगळी कमिटी माझ्याकडे वळून बघायला लागली. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. मला फक्त माहिती द्यायला बोलावलं होतं. मत विचारतील असं वाटलं नव्हतं.

मराठवाडा मुंबई राज्यात आल्यानंतर वर्षभरात माझी परभणी जिल्ह्यात नेमणूक झाली. मी नगरकडची, नर्स आणि मिडवाइफ. मानवत आणि गंगाखेडच्या मधलं एक बाजाराचं गाव मला मिळालं. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या कमिटीतल्या काहींची नातवंडं अजून माझ्याशी चांगली बोलतात. नगरपालिकेला तिथे सगळे जुन्या सवयीने ‘बल्दिया’ म्हणत. बल्दियाच्या मागच्या दोन खोल्या म्हणजे माझं मॅटर्निटी सेंटर. स्टाफ म्हणाल तर मी आणि एक आया.

भांडण चाललं होतं ते दाई-सुईणींच्या कायद्यावरून. कायदा राज्याचा होता, पण त्याचा कोणता भाग कधी लागू करायचा हे बल्दियाच्या कमिटीने ठरवायचं होतं. त्यात मुख्य दोन गोष्टी होत्या. एक, दाईंनी सेंटरवर येऊन ट्रेनिंग घ्यायचं, नाव नोंदवायचं आणि पेटी घेऊन जायची. पेटी म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात साबण, नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड. दुसरी गोष्ट, नाव न नोंदवता कुणी बाळंतपण केलं तर तिला दंड.

अध्यक्ष नारायणशेठ कापसाचे अडते. त्यांचं म्हणणं, सगळाच कायदा पुढे ढकला. “उद्या दाया घाबरून घरी बसल्या तर बाळंतपणं कोन करनार? एकट्या सिस्टर कुठं कुठं पुरतील?” हे खरं होतं. पण इलेक्शन जवळ आलं होतं आणि दाई गावातल्या प्रत्येक घराच्या आतल्या खोलीपर्यंत जाते, हेही शेठजींच्या मनात नसेल असं मी म्हणणार नाही.

समोरच्या बाजूला वामनराव वकील. हैदराबादच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेला माणूस, आवाज खणखणीत. त्यांचं म्हणणं, दंड नसलेला कायदा म्हणजे नुसतं कीर्तन. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जाऊन आपलंच करतात. आज दंड पुढे ढकलला की उद्या ट्रेनिंग पुढे ढकलाल, परवा कायदाच विसराल. त्यांचंही खरं होतं. विळ्याने नाळ कापलेली आणि आठवड्याच्या आत धनुर्वाताने आखडलेली बाळं मी हातात घेतली होती. जबडा आवळलेला, दूध ओढता येत नाही, आई छातीशी धरून बसलेली. वकिलांनी ती कधी पाहिली नव्हती, तरी ते माझ्याच बाजूने बोलत होते. मला ते आवडतही होतं आणि त्यांचा रागही येत होता.

म्हणून मी मधलं बोलले. दंड पुढे ढकला, पण ट्रेनिंग आणि पेटी ढकलू नका. आधी त्यांना माझ्या दारात येऊ द्या, ओळख होऊ द्या, दंडाचं मग बघू. शेठजी लगेच हो म्हणाले, कारण त्यांना दंडच नको होता. वकिलांनी विरोधात हात वर केला आणि तसं नोंदवून घेतलं. बाकीचे शेठजींकडे बघून हात वर करणारे होते.

ठराव सेक्रेटरींनी लिहिला. हे पुण्याकडचे, नवे आलेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं, ‘दंडविषयक कलमाची अंमलबजावणी पुढील ठरावापर्यंत तहकूब ठेवण्यात येत आहे.’ तहकूब म्हणजे पुढे ढकललेलं. आमच्याकडे सभा तहकूब होते, कामकाज तहकूब होतं, शाळेतल्या पोरालाही कळतं. शब्द वाचला गेला, सह्या झाल्या, चहा आला.

पुढच्या बाजारच्या दिवशी लिंबाजीने दवंडी दिली. लिंबाजी बल्दियाचा शिपाई आणि दवंडीवालाही तोच. काळा, उंच, गळ्यात हलगी. चार अक्षरं शिकलेला असल्यामुळे कागद बघून जसं लिहिलंय तसं ओरडायचा, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मी सेंटरच्या ओट्यावरून ऐकलं. “ऐका हो ऐका, दाई-सुईनीच्या कायद्यातलं दंडाचं कलम तहकूब हाय हो.” मला बरं वाटलं. आता बायका येतील, असं मी आयाला म्हणाले.

बायका आल्या नाहीत. आधी ज्या एक-दोघी डोकावायच्या त्याही बंद झाल्या. कापूस वेचणीचे दिवस होते, म्हणून मी मनाची समजूत घातली.

त्याहून वाईट म्हणजे निरोप बंद झाले. हे जरा समजावून सांगते. आमच्या कामात दाईचा हात जितका लागतो तितकाच तिचा निरोपही लागतो. साधं बाळंतपण दाई करतेच, तिच्या आईनेही केलेलं असतं. पण पाणी गेलं आणि बाळ खाली सरकत नाही, किंवा हाताला डोक्याऐवजी दुसरंच काही लागतं, तेव्हा ‘अडली’ असा निरोप वेळेवर यायला हवा. तेवढं मी आळीआळीत फिरून त्यांना शिकवलं होतं आणि त्या ऐकायला लागल्या होत्या. वेळ हातात असला तर मोटार बघून बाईला परभणीला मोठ्या दवाखान्यात नेता येत असे. वेळ गेली की मग माझे दोन हात आणि नशीब.

एका दुपारी लिंबाजी धावत आला. हलगी नव्हती, डोक्याला पटका नव्हता.

“बाई, सून अडली. रातीपासनं कळा देयलीय.”

“मग आत्ता सांगता? मथुराबाई कुठंय?” मथुराबाई त्यांच्या आळीतली दाई. माझ्याकडे सगळ्यात आधी आलेली आणि सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी.

“न्हाई म्हनली. दुसऱ्या दोघीकडं गेलो, त्या बी न्हाई म्हनल्या. घरातल्या बायाच बघायल्यात.”

मी बॅग उचलली. वाटेत मथुराबाईचं घर लागलं. ती दारातच बसली होती, सुपात डाळ घेऊन. डाळ निवडत नव्हती, नुसतं सूप हलवत होती. मी थांबले नाही, चालता चालताच चल म्हणाले. ती उठली आणि मागे आली. लिंबाजीच्या उंबऱ्यापाशी मात्र थबकली. दोन्ही हात पाठीमागे बांधून म्हणाली, “मी हितं उभी ऱ्हाते बाई. काय लागलं तर सांगा. हात लावनार न्हाई.”

तेव्हा मला तिचा अतोनात संताप आला. पण संतापायला वेळ नव्हता.

सुनेचं नाव कौसल्या. पहिलटकरीण, ओठ कोरडे पडलेले, ओरडण्याची शक्ती गेलेली. मी तपासलं. बाळ पायाळू होतं, म्हणजे पायाकडून येत होतं. एक पाय बाहेर आलेला, निळा आणि गार. अशा वेळी ओढायचं नसतं आणि घरातल्या बायकांनी घाबरून ओढलं होतं. आता परभणी फार लांब होती. मी माझ्या परीने सगळं केलं. मथुराबाई बाहेरून विचारत राहिली, डोकं आलं का, मान कशी हाय, गरम पाणी देऊ का. तिला सगळं कळत होतं. हात मात्र तिने पाठीमागून सोडले नाहीत.

मुलगा होता. त्याने श्वास घेतलाच नाही. मी पाठ चोळली, तोंडाने वारा दिला, आळीपाळीने गार-गरम पाण्यात धरलं, नंतर थांबले. कौसल्येचं रक्त थांबवायला बराच वेळ लागला, पण ती वाचली.

मथुराबाई आली असती तर बाळ वाचलंच असतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पायाळू बाळं चांगल्या दवाखान्यातही जातात. पण सकाळी तिचा हात लागला असता तर सकाळीच मला निरोप आला असता. एवढं नक्की.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, असं काय म्हणून वागलीस. ती रडत होती. म्हणाली, “तहकीकात हाय ना, बाई. कोन कोन दाई बाळंतपन करायलीय, त्याची तहकीकात करून मग दंड घेनार म्हनं. माझ्या सासूला निजामाच्या वक्ताला आसंच चावडीवर बसवलतं, दिवसभर.”

“तहकीकात? कोण म्हणालं?”

तिने लिंबाजीकडे बघितलं. “ह्यानंच दवंडी दिली की.”

लिंबाजी भिंतीला टेकून बसला होता. हळूच म्हणाला, “मी तहकूब म्हनलो.”

“तेच की,” मथुराबाई म्हणाली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. पुढे ढकलण्याला इथे सगळे ‘मुल्तवी’ म्हणत. खटला मुल्तवी, लग्न मुल्तवी, विहीर खोदायचं काम मुल्तवी. शेतातली बाईसुद्धा म्हणायची. तहकूब हा शब्द आमच्याकडून आला होता आणि या गावच्या कानाला नवा होता. कानाने आपल्या ओळखीचा, त्यातल्या त्यात जवळचा शब्द धरला. आणि तहकीकात, म्हणजे चौकशी, म्हटलं की इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर दारात उभा राहिलेला निजामाचा पोलीस जवानच यायचा. दायांना घाबरवायचं नाही म्हणून केलेल्या ठरावाने दायाच घाबरल्या होत्या.

पुढच्या बैठकीत मी न बोलावता गेले. जे झालं ते सांगितलं. मागणी एवढीच केली की ठरावात तहकूब काढा, मुल्तवी घाला आणि पुन्हा दवंडी द्या.

मग सेक्रेटरी नम्रपणे म्हणाले, शब्द शुद्ध आहे, शासनाच्या परिभाषेतला आहे, त्यात चूक नाही. वामनराव वकील उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण ते म्हणाले, “सिस्टर, आपल्या भाषेत कारभार व्हावा म्हणून आम्ही तुरुंगात गेलो. आता मराठी ठरावात पुन्हा उर्दू घालायची?”

“वकीलसाहेब, तहकूब तरी कुठून मराठी झाला?” मी विचारलं. “तोही तिकडूनच आलाय. फक्त आमच्याकडे आधी उतरला.”

यावर चर्चा जुंपली. मुल्तवी मराठी की उर्दू, स्थगित लिहावं का, स्थगित तरी कुणाला कळणार, ठराव दुरुस्त करायला वरची परवानगी लागते का. कायद्यावर झाली नव्हती तेवढी गरमागरमी एका शब्दावर झाली. कौसल्येचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही. शेवटी शेठजींनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, “हा विषय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.”

एक सभासद हसला. मग दारात उभ्या लिंबाजीकडे त्याचं लक्ष गेलं आणि तो खाली बघायला लागला. पाण्याचा तांब्या घेऊन लिंबाजी सगळा वेळ तिथेच उभा होता.

त्यानंतरच्या बाजारच्या दिवशी हलगी वाजली. मी ओट्यावर आले. लिंबाजीच्या हातात कागद नव्हता. भर चौकात उभा राहून तो सांगत होता, “ऐका हो ऐका. दाईला दंड न्हाई, तहकीकात बी न्हाई. दंडाचं मुल्तवी हाय हो, मुल्तवी. कुनी बोलावलं तर जावा, मागं राहू नका.” तो मथुराबाईच्या आळीतही गेला. तिथे त्याने दोनदा सांगितलं, असं मला नंतर कळलं.

सेक्रेटरींनी त्याला बोलावून विचारलं, कुणाच्या हुकमाने दवंडी दिली. मी पेटीसाठी सही घ्यायला गेले होते, तिथेच होते. लिंबाजी म्हणाला, “मागल्या टायमाला हुकमानं वराडलो, साहेब. ह्या टायमाला कळलं ते वराडलो.” सेक्रेटरींनी पेन खाली ठेवलं आणि त्याला जा म्हणाले. त्या माणसाबद्दल मला पुढेही आदर वाटत राहिला तो एवढ्यासाठी, की खुलासा मागणारा मेमो त्यांनी काढला नाही.

दाया हळूहळू परत आल्या. मथुराबाईने पहिली पेटी नेली. कौसल्येला पुन्हा दिवस गेले, तेव्हा कळा सुरू झाल्याचा निरोप मला उजाडायच्या आत आला आणि मी पोचले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मथुराबाई टाहो फोडणाऱ्या तान्ह्या मुलीला पुसत होती.

कायदा आत्ता की नंतर, या प्रश्नावर मी आजही दोन्ही बाजूंनी बोलू शकते. दंडाचं कलम माझी बदली झाली तेव्हाही तहकूबच होतं, म्हणजे वकीलही काही अगदी चुकले नव्हते. पण कायदा पुढे ढकला नाहीतर आज लागू करा, तो ज्याच्यासाठी आहे त्याला तो कोणत्या शब्दात पोचतो, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं.

लिंबाजीने ते आपल्या कामात घेतलं. त्यानंतर दवंडीचा कोणताही कागद हातात आला की तो आधी विचारायचा, “साहेब, ह्याचा अर्थ काय?” अर्थ समजेपर्यंत तो हलगीला हात लावत नसे.